पाचारण आहे की नुसती घालमेल? कसं ओळखायचं?

वार्डातली

सलाम मंडळी. इथं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी सोलापूरची. एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यापासून तिथंच. बाबा रेल्वेतून रिटायर झालेत, धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. चर्च लहानपणापासूनचं. संडे स्कूल घेते, क्वायरमध्ये गाते. त्यामुळे 'एका रात्रीत देव भेटला' छापाची माझी साक्ष नाही.

जानेवारीत, इकडे गड्ड्याची (सिद्धेश्वर यात्रेची) गर्दी चालू असताना, आमच्याकडे उपास-प्रार्थनेच्या सभा होत्या. ओडिशाच्या आदिवासी भागातल्या एका मिशन हॉस्पिटलचे डॉक्टर बोलायला आले होते. रडवणारं काही सांगितलं नाही त्यांनी. बाळंतिणींच्या वॉर्डात रात्रपाळीला शिकलेली नर्स एकच असते, ती आजारी पडली की तिच्या जागी मीच बसतो, एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायले. शेवटी पाळकसाहेबांनी विचारलं, ज्यांना मिशनसेवेचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, वाटतं त्यांनी उभं राहा. मी उभी राहिले. आईनं शेजारून ओढणी ओढली, तरी राहिले.

तेव्हापासून घरात धुसफूस. आई म्हणते, देवाला सोलापुरात आजारी माणसं दिसत नाहीत का? एक स्थळ आलंय, मुलगा पुण्यात आयटीत, मंडळीतलाच (चर्चमधलाच). पाळकसाहेब म्हणतात प्रार्थना कर. मैत्रीण म्हणते तुला नाईट ड्यूटीचा वीट आलाय, त्याला पाचारणाचं नाव देऊ नकोस.

वीट आलाय हेही खरंच. परवा एक विडी कामगार बाई नवऱ्याच्या डिपॉझिटसाठी काउंटरसमोर उभं राहून गळ्यातलं डोरलं काढून रुमालात बांधत होती. गाठ बसत नव्हती, हात थरथरत होते. मी रिपोर्ट घेऊन तिथूनच चालले होते. वर जाऊन पुढचा पेशंट घेतला, दुसरं काय करणार.

स्वप्न पडलं नाही, आवाज आला नाही, पवित्र शास्त्र उघडलं आणि नेमक्या वचनावर बोट पडलं असंही झालं नाही. मग हे पाचारण आहे, की इथून सुटायची वाट शोधतेय मी? ज्यांनी ही वाट बघितलीय त्यांनी लिहा. 'देव मार्ग दाखवेल' हे मला माहीत आहे, त्याच्या पुढचं सांगा.

आशिष_शांती

ताई, प्रभूवर भरवसा ठेवा, देव मार्ग दाखवेल. प्रार्थनेत आहोत. 🙏

रेल्वेलाईन्स

@आशिष_शांती, शेवटची ओळ वाचायची राहिली वाटतं. 😀

धागा छान. वाचतोय. सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, पण आई शेजारून ओढणी ओढते हे आमच्याही घरात झालंय (ओढणीऐवजी शर्ट).

डांगी

ताई, मी मूळचा बार्शीचा. एका भारतीय मिशन संस्थेकडून गुजरातेतल्या डांगात, आहव्याच्या पुढच्या गावांत, उमेदीची सगळी वर्षं काढली. आता परत आलोय. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

सभेत उभं राहण्याचं आधी. त्याला फार मोठं करू नका आणि थोतांडही समजू नका. सभेत संगीत असतं, उपास असतो, शेजारचा उभा राहिलेला असतो. मी शंभर जण उभे राहिलेले पाहिलेत आणि पुढच्या रविवारी त्यातले बरेच जण नजर चुकवून निघून जातानाही पाहिलेत. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: तुम्ही उभ्या राहण्याआधी तुमच्यात हे कोणाला दिसलं होतं का? बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १३ काढा. अंत्युखियाची मंडळी उपास करत होती आणि पवित्र आत्मा बोलला तो बर्णबा आणि शौल यांच्या कानात एकेकट्याला नाही, सगळ्या मंडळीला म्हणाला की या दोघांना माझ्यासाठी वेगळे करा. मंडळीनं हात ठेवले आणि रवाना केलं. आपल्याकडे उलटं झालंय. पोरगा किंवा पोरगी एकटीच ऐकते, एकटीच ठरवते आणि मंडळीला पत्रिका छापून झाल्यावर कळतं. तुमच्या चर्चच्या पंचांपैकी, संडे स्कूलच्या पालकांपैकी, हॉस्पिटलच्या सिस्टरांपैकी चौघांना विचारा, 'मी असल्या कामाला लायक वाटते का?' आणि उत्तर ऐकून घ्या. आवडलं नाही तरी.

दुसरं. तुम्हाला तिथं काय करायचंय, ते डोळ्यांसमोर आणा. मिशनरी म्हटलं की लोकांना डोंगर, लहान मुलं आणि गिटार दिसते. मी जे केलं त्यातला निम्मा वेळ वह्या भरण्यात, बोअरची मोटार दुरुस्त करून घेण्यात आणि तहसीलच्या पायरीवर बसण्यात गेला. तुमच्या बाबतीत तेच काम असेल जे इथं करताय: सलाईन, कॅथेटर, रजिस्टर, नातेवाइकांचा आरडाओरडा. नुसता पगार कमी आणि वीज जाणारी. जर मन म्हणत असेल की 'काम हेच चालेल, माणसं ती हवीत', तर त्यात काहीतरी आहे. आणि कामाचाच कंटाळा आला असेल तर ओडिशात तो दुप्पट होईल.

तिसरं, भाषा. मराठी येते म्हणजे डांगी येईल असं मला वाटायचं. बाजारात मीठ मागण्याइतकी लगेच आली. मयतीच्या घरी बसून बोलण्याइतकी यायला वर्षं गेली. तुम्हाला तर ओडिया शिकावी लागेल आणि त्या डोंगरांत ओडियाही सगळ्यांना येत नाही, कोंध लोकांची कुवी वगैरे निराळीच. बिशप अझरायांचं उदाहरण आठवतं. तमिळ माणूस, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेत चांगला नावाजलेला. १९०३ मध्ये तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती लोकांची स्वतःची मिशन संस्था उभी केली, लोकांना 'तेलुगू मुलखात चला' म्हणून सांगत राहिले, आणि मग १९०९ मध्ये बायकोमुलांसह स्वतःच दोर्नकलला गेले. पस्तिशीत तेलुगू शिकले. तीन वर्षांनी बिशप झाले ते पुढचं. मला त्यातली पस्तिशीतली बाराखडी महत्त्वाची वाटते.

पैशाचं उद्या लिहितो.

पेठेतला_नास्तिक

जरा वाकडं बोलतो, राग मानू नका. भवानी पेठेतला माणूस आहे, आडपडदा जमत नाही.

मिशनरी म्हटलं की आमच्या डोक्यात पहिला शब्द येतो धर्मांतर. दवाखाना दाखवायचा आणि आत पुस्तक द्यायचं. ताई, तुम्ही चांगल्या मनाच्या दिसता, पण तुम्ही आजारी आदिवासी बाईची सेवा करणार की तिचा देव बदलणार? आणि सेवाच करायची असेल तर 'पाचारण' वगैरे भानगड कशाला हवी? आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले. युद्ध चालू होतं, जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, १९४२ मध्ये तिकडंच वारले. वय बत्तीस. त्यांना कुठल्या सभेत कोणी उभं केलं नव्हतं. काँग्रेसनं वैद्यकीय पथक पाठवायचं ठरवलं, हे गेले. आमच्या लेखी हे पुरेसं आहे.

वार्डातली

@पेठेतला_नास्तिक, राग नाही. हे मी स्वतःलाही विचारते.

त्या बाईचा देव बदलायला मी जात नाही, तो माझा अधिकारही नाही. पण मी का आले असं तिनं विचारलं तर खोटं सांगणार नाही, येशूसाठी आले असंच सांगेन. ती ऐकून गप्प बसली तरी तिचं ड्रेसिंग तसंच होईल. कोटणीसांचं म्हणाल तर आमच्या शाळेतही त्यांच्यावर निबंध असायचा. तुम्ही म्हणता त्यांना कोणी बोलावलं नाही. मला वाटतं, बोलावलंच की. नाव वेगळं घेतलं असेल.

कोर्टरोड

कायद्याचं बोलतो, कारण दोन्ही बाजूंनी मोघम बोललं जातं. ओडिशात १९६७ पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे. बळजबरी, आमिष किंवा फसवणूक करून धर्मांतर घडवणं हा तिथं गुन्हा आहे. तो कायदा आणि मध्य प्रदेशचा १९६८चा, दोन्ही सुप्रीम कोर्टात गेले. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात कोर्टानं ते वैध ठरवले आणि सांगितलं की राज्यघटनेच्या कलम २५ मधला प्रचाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडण्याचा हक्क, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा नव्हे. निकालावर टीका पुष्कळ झाली आहे, पण तो निकाल आजही कायम आहे.

ताईंना व्यवहारातला अर्थ एवढाच: उपचार आणि प्रार्थना यांची सांगड कुठेही, कागदावर किंवा तोंडी, घातली जात नाही ना, हे त्या हॉस्पिटलला जाण्याआधी स्पष्ट विचारा. जी संस्था या प्रश्नावर चिडते तिथं जाऊ नका.

सेटलमेंटकर

बाकीच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. सोलापुरात 'सेटलमेंट' म्हणून जो भाग आहे ना, तिथला मी. माझे आजोबा तारेच्या कुंपणाच्या आत जन्मले. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये आणलेल्या आणि १९११ मध्ये आपल्याकडेही लागू केलेल्या कायद्यानं आमच्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, हजेरी लावायला लागायची, न विचारता बाहेर गेलं की शिक्षा. कायदा रद्द झाला १९५२ साली. आणि ही वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांकडे चालवायला होती. होय, तुमच्या मिशनऱ्यांकडे.

आमच्याकडे या गोष्टीची दोन तोंडं आहेत. आज्जी म्हणायची, गोऱ्या बाईनं अक्षरं शिकवली, खरूज धुतली, बाळंतपणं केली. आणि आजोबा म्हणायचे, शिकवणारी तीच आणि कुंपणाचं फाटक ज्यांच्या ताब्यात ती माणसंही तीच. दोघं एका घरात राहून हे बोलायचे आणि दोघंही खरं बोलायचे.

म्हणून ताई तुला विचारतो. पाचारण आलं, ठीकाय. पण तू जिथं जाशील तिथं फाटक कोणाच्या ताब्यात आहे हे बघशील का? त्या अमेरिकन बाईलाही पाचारणच आलं असणार की बे. बोट पकडून समुद्र ओलांडून आली ती उगाच नाही. तरी कुंपण तिला दिसलं की नाही, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

निवृत्त_मास्तर

सेटलमेंटकरांचा प्रतिसाद वाचून थांबलो. दंडवत.

थोडा इतिहास जोडतो. परदेशी मिशनरींचीच नव्हे, आपल्या माणसांचीही हीच ओढाताण झाली. ना. वा. टिळक मिशनच्या पगारावर होते, मिशनच्या 'ज्ञानोदय' या पत्राचं काम बघत होते, कवी म्हणून महाराष्ट्रभर नाव. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. ख्रिस्तभक्ती आपल्या मातीतली हवी, भजन-कीर्तनातून यावी, परक्या पैशाच्या आणि परक्या संस्थेच्या चौकटीत अडकू नये, ही तळमळ. दोन वर्षांनी वारले. दरबार फार टिकला नाही. पण मंडळीत आजही त्यांच्या अभंगांजलीतले अभंग म्हटले जातात. एका माणसाला एकाच आयुष्यात दोनदा पाचारण झालं, एकदा मिशनमध्ये यायचं आणि एकदा मिशनमधून बाहेर पडायचं, असं मी आमच्या तरुण संघाला सांगत असतो. (पाळकांना हे फारसं आवडत नाही.)

अवांतर: सोलापूरहून हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी बालविधवांना आणि मुलींना घेऊन आल्या. पाचारण म्हणजे काय याचा निबंध त्या लिहीत बसल्या नाहीत, मुलींच्या जेवणाची आणि निजण्याची सोय आधी केली. खिडकीतून बघा कधी.

पाळकीणबाई

मी पाळकाची बायको, वय साठीपुढे. मराठवाड्यात, मग सोलापूर जिल्ह्यात गावोगावी बदल्या झाल्या. या धाग्यावर स्थळाचा विषय एका ओळीत येऊन गेला आणि सगळे ओडिशाला पोचले. तो विषय मी परत काढते.

विल्यम कॅरीचं नाव सगळे मिशनवाले घेतात. चांभारकाम करणारा माणूस, १७९३ ला बंगालात आला, सेरामपूरला छापखाना, शास्त्राची भाषांतरं, १८०५ चं मराठी व्याकरणसुद्धा त्याचंच. त्याच्या बायकोचं नाव विचारा, किती जणांना येतं? डोरोथी. तिला यायचंच नव्हतं, नाही म्हणाली होती. ऐनवेळी कडेवर तान्हं घेऊन निघाली. इथं आल्यावर १७९४ ला पाच वर्षांचा पीटर गेला. तिच्या डोक्यावर परिणाम झाला तो कायमचा. १८०७ ला वारली. पलीकडच्या खोलीत ती ओरडत असायची आणि अलीकडे भाषांतर चालायचं, असं म्हणतात. मी कॅरींना नावं ठेवत नाही. पण त्यांना पाचारण झालं तेव्हा तिला कोणी विचारलं नव्हतं एवढं खरं.

आणि आपल्या लक्ष्मीबाई टिळक. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बायकोला न सांगता. त्या माउलीवर आभाळ कोसळलं. मधली वर्षं माहेर-सासरच्या लोकांत कशी काढली ते त्यांनीच पुढं हसत हसत लिहिलंय, वाचताना आपल्याला मात्र हसू येत नाही. १९०० ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायानं चालत जाऊन. नवऱ्याच्या पाचारणावर आपलं भागत नाही, प्रत्येकीचं वेगळं लागतं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

तर पोरी, त्या पुण्याच्या मुलाला मध्यस्थाकडून नाही, तू स्वतः भेट आणि सांग. चहाला बोलाव, आई जवळ बसलेली असू दे. 'मला मिशन हॉस्पिटलला जायचं मनात आहे, एखादं वर्ष किंवा कायमचं, अजून माहीत नाही.' त्याचं तोंड बघ. 'लग्नानंतर बघू' म्हणाला तर ते नाहीच समज. 'मीही येतो' असं पहिल्याच भेटीत म्हणाला तर त्याहून सावध राहा. 'मला विचार करायला वेळ दे' म्हणाला तर मुलगा बरा आहे.

आईचंही सांगते. ती देवाला विरोध करत नाही, तुझ्या हप्त्याला घाबरते. तुझ्या भावाला नोकरी लागेपर्यंत घर कसं चालेल, हे कागदावर मांडून तिच्यासमोर ठेव. बरेचसे 'आत्मिक संघर्ष' घराच्या हप्त्यापाशी येऊन थांबतात, मी पाळकाच्या घरात राहून बघितलंय.

अग्निज्वाला_२१

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून वाईट वाटलं. पेत्र जाळी टाकून लगेच येशूच्या मागे गेला, आधी हप्त्याचा कागद मांडला नाही! ताई, शंका हे सैतानाचं हत्यार आहे. गिदोनासारखी लोकर ठेवा, देवाकडे चिन्ह मागा. मी मागितलं होतं की सकाळी पहिला फोन मिशनवाल्यांचा येऊ दे, आणि आला!

डांगी

@अग्निज्वाला_२१, भाऊ, फोन आला त्याचा आनंद आहे. पण शास्ते ६ नीट वाचा. देवानं गिदोनाला काय करायचं ते आधीच सांगितलं होतं. लोकर त्यानं ठेवली ती विश्वास होता म्हणून नाही, भीती वाटत होती म्हणून. आणि देवानं दोनदा ऐकून घेतलं ही देवाची सहनशीलता. त्याची पद्धत करू नये. पेत्राचं म्हणाल तर त्याचं घर कफर्णहूमातच होतं आणि येशू तिथं जाऊन त्याच्या सासूचा तापही बरा करून आला. घर सोडणं म्हणजे घर वाऱ्यावर सोडणं नव्हे.

पौलाचं बघा, कृत्ये १६. आशियात जायचं ठरवलं, आत्म्यानं अडवलं. बिथुनियाकडे वळला, तिथंही अडवलं. त्रोवसला आल्यावर रात्री मासेदोनियाचा माणूस दिसला. म्हणजे दार उघडण्याआधी दोन दारं बंद झाली आणि तो तोवर चालत होता, घरी बसून चिन्हाची वाट बघत नव्हता.

आता पैशाचं. संस्था दोन प्रकारच्या असतात. एक पगार देणाऱ्या, दुसऱ्या 'सपोर्ट'वर चालणाऱ्या, म्हणजे तुम्हीच मंडळ्यांकडून महिन्याचा आधार उभा करायचा. दुसऱ्या प्रकारात लोक पहिलं वर्ष उत्साहानं पाठवतात, मग कोणाचं लग्न, कोणाचं घर, पैसे आटतात. संस्थेला विचारायच्या गोष्टी: पीएफ आहे का, आजारी पडले तर बिल कोण भरतं, आई-वडील आजारी असताना किती रजा मिळते, वादावादी झाली तर कोणाकडे जायचं. हे विचारायला लाजू नका. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे येशूचंच म्हणणं आहे.

व्हेल्लोरी

मी वेल्लोरला, तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात, शिकले आणि चर्चनं स्पॉन्सर केलेलं असल्यानं ठरलेली वर्षं एका मिशन हॉस्पिटलला सेवा द्यावी लागली. बाँड हो, चक्क बाँड. 'पाचारण'वगैरे नंतर सुचलं. पण त्या बाँडच्या काळात मला जे कळलं ते कुठल्या सभेत कळलं नसतं, म्हणून लिहिते.

आयडा स्कडरची गोष्ट सगळ्यांना माहीत असेल. मिशनरी डॉक्टरांची मुलगी, तिला मुळीच मिशनरी व्हायचं नव्हतं. एका रात्री तीन निरनिराळ्या घरचे पुरुष येऊन गेले, बायकोचं बाळंतपण अडलंय, पण पुरुष डॉक्टर चालणार नाही, तुम्ही या. ती डॉक्टर नव्हती. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. मग अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाली आणि १९०० पासून वेल्लोरला उभी राहिली. लोक या गोष्टीतली रात्र सांगतात. मला दुसरं दिसतं. त्या रात्रीनंतर ती ट्रेनिंगला गेली. ओढ वाटली म्हणून तशीच धावली नाही.

वार्डातली, तुझा कंटाळा आणि तुझी ओढ वेगळी करायची एक सोपी पद्धत सांगते. आधी झोप. खरंच. नाईट सलग लागलेली असताना आयुष्याचे निर्णय घेऊ नकोस, ड्यूटी बदलून घे किंवा साठलेली रजा टाक. झोप झाल्यावर ओडिशाचं खूळ उतरलं तर तो थकवा होता. झोपून उठल्यावरही ते बाळंतिणींचं वॉर्ड डोक्यात असेल तर पुढं बोलू.

पुढचं म्हणजे जाऊन बघ. लांब जाण्याआधी जवळ. करमाळ्याच्या पलीकडे जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरचे, १९७० मध्ये तिथं आले. दवाखाना काढायला आले होते, पण गावकऱ्यांना आधी पाणी आणि धान्य हवं होतं, तर तिथून सुरुवात केली. गावातल्याच बायकांना, कित्येकींना लिहिता-वाचताही येत नव्हतं, आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. १९७९ ला दोघांना मॅगसेसे मिळाला. सेटलमेंटकरांनी फाटकाचं विचारलं ना, त्याचं एक उत्तर मला जामखेडला दिसलं. औषधाची पेटी गावातल्या बाईच्या हातात होती, बाहेरून आलेल्या सिस्टरच्या नाही. जाऊन दोन दिवस नुसती बघून ये.

सेटलमेंटकर

हे पटलं. पेटी कोणाच्या हातात. बास.

पेठेतला_नास्तिक

आरोळ्यांचं माहीत नव्हतं, एवढं जवळ असून. शोधून वाचलं. माझं मत तेच आहे, पण ताई तुम्ही जाच. आणि ते 'येशूसाठी आले' असं विचारल्यावरच सांगा, न विचारता नको. एवढी एका सोलापूरकराची विनंती.

वार्डातली

धागा वर काढतेय. सगळ्यांना एकेक उत्तर देता आलं नाही, माफ करा.

झोप झाली. व्हेल्लोरीताई, तुमचं ऐकून ड्यूटी बदलून घेतली. चिडचिड बरीच उतरली, हॉस्पिटलही पूर्वीइतकं खायला उठत नाही. वॉर्ड मात्र डोक्यातून गेलं नाही.

डांगीकाका, चौघांना विचारलं. संडे स्कूलच्या एका पालकांनी सांगितलं, तू मुलांवर ओरडतेस, पण आजारी पोराच्या घरी पहिली तूच जातेस. आमच्या सिनिअर सिस्टर म्हणाल्या, 'तुझा हात चांगला आहे, पण तू डॉक्टरला उलट बोलत नाहीस, तिथं बोलावं लागेल.' पंचांपैकी एक म्हणाले, 'मुलीनं एकटं जाऊ नये.' पाळकसाहेब आता मंडळीसमोर विषय मांडायला तयार झालेत.

पाळकीणबाई, मुलगा चहाला आला. 'वेळ दे' म्हणाला. आईनं त्याला दुसरा कप दिला, यावरून काय ते समजा.

हप्त्याचा कागद केला. भावाचं कॅम्पस झालं तर वर्षभर निभेल, नाही झालं तर नाही. त्यामुळे आत्ताच नोकरी सोडत नाही. बिनपगारी रजेचा अर्ज दिलाय, मंजूर झाली तर पावसाळ्यात ओडिशाला जाऊन काम करून बघणार. कोणार्क एक्सप्रेस सोलापुरातूनच जाते, विजयनगरमला उतरून पुढं ओडिशातल्या रायगडा गावाकडे. जामखेडला त्याआधी जाणार आहे, आई बरोबर येते म्हणाली.

पाचारण आहे की नाही, याचं उत्तर अजून नाही. आता तयारीचं सांगा.

व्हेल्लोरी

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. थोडे दिवस जाणार असलीस तरी पेशंटला हात लावायच्या आधी त्या हॉस्पिटलला लेखी विचार की तुझं नाव कुठल्या हुद्द्यावर राहील आणि तिथल्या कौन्सिलची नोंदणी लागेल का. कायम जायचं ठरलं तर इथून एनओसी काढावी लागेल, तिला वेळ लागतो, आत्ताच चौकशी कर. पावसाळ्यात तो मलेरियाचा पट्टा आहे, मच्छरदाणी इथून ने आणि निघण्याआधी डॉक्टरला विचारून गोळ्यांचं बघ.

पाळकीणबाई

आणि पंचांना म्हणावं, एकटीनं जाऊ नये तर सोबत कोणाला पाठवताय त्याचं नाव सांगा.

डांगी

त्या डॉक्टरांचा नंबर असेलच तुमच्याकडे. त्यांना नको, तिथल्या मेट्रनला फोन करा. आणि मागच्या दोन-तीन वर्षांत कोणत्या नर्स सोडून गेल्या, त्यांचे नंबर मिळतील का ते विचारा.